तीन ओळींचा अर्ज

१० मार्च २०२५, सोमवार

रामजी गुरव परत आला! सकाळी साडेनऊला, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. चहा घेतला, बशीतून. इकडचं तिकडचं काही नाही. "बाई, अर्ज लिवून द्या. साकवाचा."

म्हटलं, मागच्या वर्षी दिला होता की. त्याचं काय झालं?

"काय झालं नाय," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मुंबईची एक संस्था आहे, डोंगरातल्या वाड्यांना ओढ्यांवर लोखंडी साकव बांधून देते. अर्ज इंग्रजीत लागतो, म्हणून माझ्याकडे. रामजीची वाडी उमरठच्या वर, अकरा घरं. मधे ओढा. एकवीस सालच्या पावसात जुना साकव गेला, तेव्हापासून दरवर्षी दोन ओंडके टाकतात आणि दरवर्षी ओढा ते घेऊन जातो. गेल्या साली जानेवारीत मी अर्ज लिहून दिला, पोस्टात टाकायला रामजी घेऊन गेला. संस्थेचं उत्तर काही आलं नाही.

जुलैत रखमाला, म्हणजे रामजीच्या बायकोला, लावणी करताना फुरसं चावलं. डोलीतून ओढ्यापर्यंत आणली. पाणी उतरेना. चार तास वाट बघितली. पोलादपूरला इंजेक्शन होतं. रखमा काठावरच गेली.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

आता सून सेजल पाच महिन्यांची गरोदर आहे. म्हणजे दिवस भरणार जुलैत! म्हटलं, जूनमध्येच माझ्याकडे पाठवा, दोन खोल्या रिकाम्या आहेत. "आन्‌ थोरला पोर? म्हस? लावनी कोन करील?" नवरा हृतिक मुंबईत, एका खोलीत पाच जण. माहेर आहे, पण आई नाही. सगळ्याचा विचार करून झालेला दिसला. शेवटी उरला साकव.

११ मार्च

अर्ज झाला. मागचाच पुन्हा लिहिला, फक्त तारीख बदलली. वुई रिक्वेस्ट यू टू काइंडली वगैरे. तीन ओळी.

अर्ज तीन ओळींचा असावा! चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे. मागणाऱ्याने कमी बोलावं, देणाऱ्याला वेळ नसतो. माझ्या हाताखालून गेलेली निम्मी महाडची पोरं आजही तीन ओळीत रजा मागतात.

अर्ज पाठवायची शेवटची तारीख ३१.

१५ मार्च, शिमगा

रामजीने कागद परत आणला. वर हळदकुंकू आणि एक वाळकी पाकळी चिकटलेली.

"देवी नाय म्हनते."

मी गाळणं खाली ठेवलं. कोण नाही म्हणते?

मग कळलं. वाडीबाहेर जाणारा कोणताही कागद आधी वाघजाईपुढे ठेवायचा आणि कौल लावायचा. दोन ओल्या पाकळ्या—एक देवीच्या उजव्या खांद्याला, एक डाव्या. उजवी आधी पडली की होकार. डावी पडली की कागद घरातच. जमिनीचे कागद, लग्नाच्या याद्या, हृतिकचा दहावीचा फॉर्मसुद्धा असाच गेला होता म्हणे. परवा पालखी बाहेर काढायच्या आधी माझा अर्ज ठेवला. डावी पडली. सगळ्यांनी माना हलवल्या आणि पालखी नाचवायला गेले.

मला इंग्रजीत नापास करणारी पहिलीच!

भयंकर संताप आला. म्हटलं, रामजीभाऊ, देवीला इंग्रजी येतं का? शांतपणे म्हणाला, "देवीला कुठलं? पर मला तरी सांगा, काय लिवलंय." मराठी करून सांगितलं.

"बस? एवढंच?"

एवढंच.

"रागावू नका बाई. ह्ये ब्यांकेत पासबुक भरून मागतात तसं झालं. नाय भरून दिलं तरी मानूस घरी जातो न्‌ जेवतो."

मग देवीपुढे गाऱ्हाणं कसं घालतात ते सांगत बसला. आधी घरांची नावं घ्यायची, एकही सोडायचं नाही. कोण गेलं, कोण आजारी, कोणाचं पोर परमुलखात. आपलं काय चुकलं ते कबूल करायचं. मग मागायचं, आणि मागताना पदर पसरायचा. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, म्हणजे एकट्याचं मागणं राहत नाही. दीड तासाचा वर्ग झाला. फळ्याच्या पलीकडच्या बाजूला बसायची सवय नाही मला. पाठ दुखली.

१६ मार्च

गाऱ्हाण्याला इंग्रजी शब्द शोधायला डिक्शनरी काढली. महापुरात तीन दिवस पाण्यात होती, 'एम'पासून पुढची सगळी पानं चिकटून वीट झाली आहे. रिक्वेस्ट त्या विटेत. 'बिसीच' हा शब्द मात्र सुट्या पानांत सापडला. काकुळतीने विनवणे. पुढे शेरा: जुना प्रयोग.

हा शब्द मी आयुष्यात वापरला नाही. त्याच्याखाली लाल रेघा मात्र मारल्या. त्यातली एक हृतिकची! नववीत काकाच्या लग्नासाठी रजेचा अर्ज—आय बिसीच युअर ऑनर—कुठल्या तरी जुन्या गाइडातून उतरवलेला. मी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. पोरं हसून हसून बाकावर आडवी. तोही हसला, बिचारा. काय करणार?

दोन्ही क्रियापदांचा अर्थ मुलांना मी एकच सांगायची, विनंती करणे. एक जुनं, एक नवं, परीक्षेत नवं लिहा. आता वाटतं, फरक वयाचा नाही. रिक्वेस्ट करणारा दारात उभा असतो, नाही म्हटलं की बरं म्हणून वळतो, त्याचं काही गेलेलं नसतं. बिसीच करणाऱ्याने जे काय होतं नव्हतं ते समोर मांडलेलं असतं. तो वळून जाणार कुठे? म्हणून तर हा शब्द बंद पडला असेल. आता लोकांना अर्जाचा नंबर मिळतो.

१७ मार्च

गेल्या वर्षी मी तीनच ओळी लिहिल्या. दहा लिहिल्या असत्या तर कोणीतरी वाचल्या असत्या का? आठ महिने हेच चाललंय डोक्यात. आज पहिल्यांदा कागदावर आलं.

१९ मार्च

नवा अर्ज. चार पानं! अकरा घरांची नावं, प्रत्येक घरातली माणसं. बिसीच सहा वेळा.

गंधारला पाठवला. माझ्या भावाचा मुलगा, मुंबईत असल्या संस्थांचीच कामं करतो. अर्ध्या तासात फोन—"आत्या, हे काय आहे? चर्चमध्ये पाठवायचंय का?" म्हटलं, शब्द बरोबर आहे, डिक्शनरीत बघ. "आत्या, शब्द बरोबर आहे गं, पण माणसं मेलीत ना तो वापरणारी! आणि रिक्वेस्टपण नको. प्रपोज लिही. आता सगळे प्रपोज करतात."

मी म्हटलं, रामजी गुरव एकसष्ट वर्षांचा आहे. तो कोणाला प्रपोज करणार नाही.

शिवाय यंदापासून अर्ज वेबसाइटवरच भरायचा, तिथे एक चौकोन आहे. त्यात फक्त हजार अक्षरं मावतात.

२२ मार्च

रामजीला फोन केला. म्हटलं, तुमच्या गाऱ्हाण्यासारखाच शब्द आहे इंग्रजीत. फरकही सांगितला. लगेच समजला! बीएडच्या बायांना इतक्या लवकर समजत नाही.

"म्हंजे त्यांच्यात बी गाऱ्हानं हाय की!"

होतं. आता बंद पडलं.

"का?"

लोकांना वेळ नाही.

मग म्हणाला, "आमच्यात बी तेच चाललंय. पन्नास घरांची अकरा झाली, दहा मिन्टांत उरकतं."

२४ मार्च

अक्षरं मोजतेय. घरांची नावं काढली तर बसतं, पण मग परत पासबुक. शेवटी आधी माझी विशेषणं काढली. मग 'काइंडली'. मग नियमाप्रमाणे संस्थेचं कौतुक. सगळी चौतीस वर्षं काढली म्हणायची! अकरा नावं राहिली. रखमाचं एक वाक्य राहिलं: गेल्या पावसाळ्यात आमची एक बाई काठावर चार तास वाट बघून गेली. सेजलचं एक. बिसीच एकदा.

नऊशे ब्याण्णव.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि सकाळच्या एसटीने पोलादपूर, तिथून उमरठ, मग तासभर चढ. कौल आज लागणार होता. म्हटलं, माझा निकाल आहे, मी हजर राहणार. बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी काय ते ऐकवलं.

ओढा कोरडा ठणठणीत. दगडावर पाय देत पलीकडे गेले, चप्पलही भिजली नाही. एवढाच? एवढ्यावर? मधल्या दगडावर जरा थांबले. रामजी पुढे चालत होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

सेजल पाणी घेऊन आली. पोट दिसायला लागलंय. "बाई, पोरगी झाली तर इंग्लिश मीडियमला घालनार मी," म्हणाली. म्हटलं, आधी होऊ दे. "व्हईल ना, साकव झाला तर." हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

देऊळ लहान. गाभाऱ्यात रामजी एकटा, आम्ही सगळे उंबऱ्याबाहेर. गाऱ्हाणं सुरू झालं. अकरा घरं. रखमाच्या नावाशी त्याचा आवाज जरा अडकला, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून तो पुढे ढकलला. मीपण म्हटलं. कोणी बघितलं नसावं.

मग पाकळ्या. आम्हाला दिसत होती फक्त रामजीची पाठ. किती वेळ गेला! देवाधर्मातलं मी हळदीकुंकवापलीकडे काही करत नाही, पण छातीत धडधडत होतं, बोर्डाच्या निकालाला धडधडतं तसं. बायका पुटपुटत होत्या. रामजी हलेना. सेजलचा थोरला रडायला लागला, त्याला कोणीतरी बाहेर नेलं.

"उजवा," रामजी म्हणाला. वळला नाही. "उजवा दिला."

जो काय गलका झाला! मला कोणीतरी गूळखोबरं दिलं. रामजी बाहेर आला तो घामाने ओलाचिंब, पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. दमला असणार. दिवसभराचा उपास.

परतीच्या एसटीत सारखं मनात येत होतं—बाई, पास! बिसीच चालला. देवीला कळतं ते गंधारला कळत नाही.

३१ मार्च

अर्ज गेला. गंधारने भरून दिला. जाताजाता "आत्या, अजून विचार कर" म्हणाला. केला नाही.

अर्जाचा नंबर आला.

१२ एप्रिल

गंधारचा फोन. संस्थेत त्याच्या ओळखीचं कोणी आहे, त्याला विचारलं. आपला अर्ज पुढे सरकलाय! पण गेल्या वर्षी या वाडीचा अर्ज त्यांच्याकडे आलेलाच नाही म्हणतात. नोंदच नाही.

नोंद नाही! म्हणजे हरवला. एक कागद नीट ठेवता येत नाही आणि माणसं जातात. दुपारभर भांडी आपटली. मग वाटलं, म्हणजे माझ्या तीन ओळी कोणी वाचून बाजूला टाकल्या नव्हत्या. त्या वाचल्याच गेल्या नव्हत्या. हे बरं की वाईट, ठरवता आलं नाही. आमटी खारट झाली.

२ मे

संस्थेची इंजिनियर आली. दीप्ती नावाची मुलगी, हृतिकच्या वयाची. उमरठपर्यंत तिच्या जीपमधून गेले, वाट दाखवायला म्हणून. खरं कारण वेगळं. शेवटी विचारलंच, आमचं पत्र कसं वाटलं?

"पत्र कमिटी वाचते मॅडम. मी रुंदी बघते."

मोजली. अकरा मीटर. "बसतं," म्हणाली.

काम पावसाआधी होणार! रामजीला सांगितलं तर त्याने नुसती मान हलवली. म्हटलं, अहो, आनंद झाला नाही का? "झाला ना," म्हणाला आणि ओढ्याकडे बघत बसला. रखमाची आठवण आली असेल. मी आणखी विचारलं नाही.

२१ मे

लोखंडाचे तुकडे उमरठला येऊन पडले. वरपर्यंत गाडी जात नाही. मुंबईहून वाडीचे सतरा जण आले आणि खांद्यावरून नेतायत. हृतिकही आहे, एका खांद्याची सालटं निघालेली. मला बघून ओरडला, "बाई, तुम्ही बिसीच लिहिलं म्हणे!" त्याचे दोस्त हसले.

म्हटलं, हो. तुझी नववीतली लाल रेघ मी परत घेते.

"पन बाई, तेव्हा सुट्टी दिलीच नव्हती तुम्ही!"

दिली नव्हती? मला आठवत नाही. पण पोरं असली गोष्ट खोटी सांगत नाहीत.

८ जून

साकव झाला! हिरवा रंग, दोन्ही बाजूंना कठडा. पहिल्यांदा कोणी जायचं यावर अर्धा तास वाद, मग सगळ्यांनी सेजलला पुढे केलं. एक हात पोटावर, एक कठड्यावर. पलीकडे जाऊन वळली आणि ओरडली, "हलत नाय गो!" बायकांनी नारळ फोडले.

रामजी सगळ्यात शेवटी गेला. मधोमध उभा राहिला. खाली पाणी आलंय आता.

इतकं समाधान मला निवृत्तीच्या शालीनेसुद्धा झालं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी शेखीही मिरवली. शेजारच्या चैत्रालीला दोन्ही क्रियापदांतला फरक समजावून सांगितला. ती दळण घेऊन निघाली होती. पूर्ण ऐकून घेतलं तिने, चांगली मुलगी आहे.

१४ जुलै, सोमवार

सेजलला मुलगी झाली. शनिवारी, पोलादपूरला. रात्रीपासून ओढा फुगलेला होता. डोली साकवावरून पाच मिनिटांत पार झाली. दोघी ठीक!

सांगायला रामजी आज भर पावसात आला. पेढे दिले. मग बंडीच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद. माझं अक्षर. गेल्या वर्षीच्या जानेवारीची तारीख. हळदकुंकू.

"मागल्या साली बी कौल लावला हुता. डावा दिला देवीनं. म्हनून पाठवलाच नाय. देवीच्या पाटाखाली ठेवला. तवापासून थितंच हुता."

मी वर्षभर ज्या तीन ओळींपायी स्वतःला खात होते, त्या वाडीबाहेर गेल्याच नव्हत्या. शेवटी एवढंच म्हटलं, या वर्षी तरी उजवा दिला ना तिने.

"नाय, बाई. पाडव्याला बी डावाच."

पाऊस पडत होता. चहा निवला.

"मागल्या साली खरं सांगितलं तर रखमा गेली. या साली सगळ्यांसमोर खोटं बोललो, तर पोरगी घरात आली." मग कागदाची घडी नीट करत म्हणाला, "आता ह्ये देवीला सांगायचं हाय. तुमच्यात शबूद हाय का कुठला? जुना चालंल."

चौतीस वर्षं भाषा शिकवली. सुचला नाही. उठून दुसरा चहा टाकला.